देवघरातला इटलीचा टाक

सोमवार, १५ सप्टें. २०१४, हॅनोव्हर

इराच्या शाळेत नवीन प्रोजेक्ट. इतिहासाच्या बाईंनी १९४४च्या ऑक्टोबरातला एकच दिवस दिलाय. त्या दिवशी आपल्या घरचं कोण कुठे होतं ते शोधायचं आणि वर्गातल्या जगाच्या नकाशावर टाचणी टोचायची. "उंड विअर, बाबा? आपलं कोण?" मी भाजी वाढून घेत बसलो. मानसीच म्हणाली, "अरे, तुझे आजोबा इटलीत होते ना?"

होते. आबा मराठा पलटणीत होते आणि इटलीत जर्मनांशी लढले. नऊ वर्षं जर्मन कंपनीत ब्रेक टेस्ट करतोय, पण हे कँटीनमध्ये कधी बोललो नाही. आता पोरगी वर्गात सांगणार म्हणजे... बघू.

बुधवार, १७ सप्टें.

आईला साताऱ्याला फोन. आबांचे कागद आहेत का? "कागद वाळवीने खाल्ले कधीच. टाक आहे की!"

इटलीचा टाक. विसरलोच होतो. आमच्या देवघरात खंडोबा, भवानी, वाडवडील, सगळ्यांचे चांदीचे टाक. आणि कडेला हा एक, करड्या धातूचा, लंबगोल, मधोमध चिरा पाडलेला. आबांनी लढाईवरून आणलेला. लहानपणी हा कोण म्हणून विचारलं की आबा म्हणायचे, "पाया पड आन् गप बस." मी पाया पडायचो. गप्पही बसायचो. आई म्हणते, चिंचेने कितीही घासा, मेला उजळत म्हणून नाही.

कुंकू पुसून फोटो पाठवला तिने. आकडे आहेत, अक्षरं आहेत. इरा खूश, लगेच प्रिंट काढून दप्तरात.

शुक्रवार, १९ सप्टें.

इराच्या बाईंचा, फ्राउ लिंडनरचा, ऑफिसात फोन. आवाज इतका जपून की मला वाटलं पोरगी पडली.

तो टाक नाही. जर्मन सैनिकाच्या गळ्यातला ओळखबिल्ला आहे. माणूस मेला की मधल्या चिरांवर तो मोडायचा, खालचं अर्धं कळवायला पाठवायचं, वरचं प्रेताजवळ ठेवायचं. "तुमच्याकडे दोन्ही अर्धी आहेत, हेर कदम." मी म्हणालो, या, गेनाऊ, हो, अगदी बरोबर. कशाला गेनाऊ म्हणालो देव जाणे.

म्हणजे तो मेल्याचं कुणी कळवलंच नाही. आणि आता प्रेतावरही ओळख नाही. घरच्यांच्या लेखी तो बेपत्ता. बहुतेक अजूनही.

आम्ही सत्तर वर्षं त्याला हळदकुंकू वाहतोय. दुपारभर एक टेस्ट धड झाली नाही.

शनिवार, २० सप्टें.

आईला सगळं सांगितलं. मग म्हणाली, मामंजींनी तिला एकदाच सांगितलं होतं, ती लग्न होऊन आली त्या वर्षी. तिच्याच शब्दांत:

"दिवसभर डोंगरावर गोळ्या चालल्या होत्या. संध्याकाळी दगडाआड हा पडलेला. म्हणाले, माझी गोळी लागली का दुसऱ्याची, कुणास ठाऊक. डोळे मी मिटले. माती द्यायला सवड नव्हती. असाच टाकून गेलो तर पाठ सोडायचा नाही, म्हणून गळ्यातलं काढून घेतलं. घरात जागा देतो म्हणालो त्याला."

अवेळी गेलेल्याचा टाक करून देवात बसवायचा, ही आपली रीत. आबांना दुसरी ठाऊक नव्हती. आई रडवेली: "वाईट मनाने नाही रे घेतलं."

माहितीय. चांगल्या मनाने घेतलं, आणि तिकडे एका घराची वाट लागली.

मंगळवार, २३ सप्टें.

सर्वपित्री. आईने पान वाढलं. दरवर्षी एक जादा पान असतं, इटलीवाल्याचं. आबांपासूनची पद्धत.

इकडे आमचं भांडण. हरवलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारं इथे एक ऑफिस आहे, बिल्ल्याच्या नंबरावरून माणूस सापडतो. मानसी म्हणते, आजच्या आज कळव. मी म्हणालो, सत्तर वर्षांनी कशाला उकरायचं? तिने तोंड फिरवलं.

खरं कारण इथे तरी लिहावं. मला भीती वाटते. त्या घरचं कुणी समोर येईल आणि विचारेल, तुझ्या आजोबांनी मारलं का? आबांनी मला सायकल शिकवली. रोज ढोपराला हळद लावायचे. त्यांचं हे बोट बंदुकीच्या चापावर मला बघायचं नाही.

आईचं वेगळंच. "नंबर कळव खुशाल. पण टाक मागितला तर? देवात बसवलेला माणूस उठवून देतात का?"

गुरुवार, २ ऑक्टो.

एल्टर्नआबेंड, शाळेतली पालकसभा. सगळ्या पालकांना तो नकाशा दाखवला. टाचण्याच टाचण्या. कुणाचा पणजोबा रशियाच्या चिखलात, कुणाची पणजी इथेच हॅनोव्हरच्या तळघरात, एका पोलिश मुलाचे आजोबा दुसऱ्याच्या शेतावर वेठीला. एकाची आई जपानी, त्याची टाचणी ब्रह्मदेशच्या जंगलात. सगळं त्याच एका दिवशी. सूर्य मावळेपर्यंत कुठे ना कुठे मरणं चालूच.

इटलीत इराच्या दोन टाचण्या. एक आबांची. दुसऱ्या टाचणीच्या चिठ्ठीवर नुसता नंबर, आणि खाली: आमच्या घरी राहतो.

घरी आल्या आल्या त्या नोंदीवाल्या ऑफिसला मेल केली. मानसीला दाखवून.

सोमवार, २ मार्च २०१५

पाच महिन्यांनी उत्तर. नाव सापडलं. कार्ल. वय एकोणीस. एकोणीस! मी त्याला कायम आबांच्या वयाचा समजत होतो, मिशीवाला.

धाकटी बहीण आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची, त्सुफेनहाउझेनला वृद्धाश्रमात. तेव्हा तेरा वर्षांची होती, इराएवढी. तुमचा पत्ता त्यांना देऊ का, असं विचारलंय. हो कळवलं.

गुरुवार, १२ मार्च

कार्लच्या बहिणीचं पत्र. थरथरत्या अक्षरात दोन पानं. मला निम्मं लागेना, इराने वाचून दाखवलं.

लोक म्हणायचे, मेला असं जाहीर करा, पेन्शन मिळेल. त्यांच्या आईने सही केली नाही. दर ख्रिसमसला टेबलावर कार्लचं ताट मांडायची, ती जाईपर्यंत. सूप गार व्हायचं आणि ते धाकट्या बहिणीला प्यावं लागायचं, तिला त्याचा राग यायचा. हे वाचताना इरा थांबली, पाणी प्यायली.

एका माणसाची दोन घरी पानं. तिकडे जिवंत समजून, इकडे मेलेला म्हणून. आणि आम्हाला खरं ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. मला फार लाज वाटली. आबांची नाही. कुणाची, नीट सांगता येत नाही.

बिल्ल्याबद्दल एक अक्षर नाही. शेवटी फोन नंबर: रविवारी तीननंतर मी असते.

रविवार, १५ मार्च

सकाळी आईचा फोन. "खोटं बोलू नकोस. आणि मामंजींना माहीत नव्हतं ते तू माहीत असल्यासारखं सांगू नकोस." टाकाचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही.

तीनला फोन लावला. इरा शेजारी, माझं जर्मन अडलं तर म्हणून. पहिल्याच रिंगला उचलला. आवाज खणखणीत. आल्झो, म्हणाल्या, तर मग सांगा.

डोंगर सांगितला. दगड सांगितला. माझ्या आजोबांनी त्याचे डोळे मिटले, हे सांगितलं. इराला एक शब्दही पुरवावा लागला नाही.

बाईंच्या मागे कुणाचा तरी टीव्ही चालू होता. मला वाटलं झालं, सुटलो.

मग त्यांनी विचारलं, "आणि डोळे मिटण्याच्या आधी?"