ग्लिसरीनच्या मीटरचं टोक

१० ऑक्टोबर ९८, मयूर विहार, संध्याकाळ

मुक्ता उद्याच्या रेससाठी गाडी घेऊन गेली आणि मग मला मीटरच्या बुचाचं ते रबराचं टोक आठवलं. साध्या मीटरचा काटा इंजिनाच्या धक्क्यांनी थरथरतो, म्हणून ऑइलच्या दाबासाठी ग्लिसरीन भरलेला मीटर मीच सुचवला. बसवल्यावर ते टोक कापून आतल्या हवेला वाट करून द्यायची असते, नाहीतर तापल्यावर मीटर दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. तीस वर्षं असेच मीटर तपासले मी. ती कात्री घेऊन आली, तर म्हणालो, "राहू दे. कापलंस तर दुकानदार परत घेणार नाही."

"अच्छा बाबा."

रेसच्या जागी फोन नाही. उद्या चांगलं इंजिन बिघडलं समजून ती गाडी थांबवेल. एवढंसं टोक! देवासमोर बसलो, पण तिने थांबू नये, असं काही मागवेना; दाब खरंच पडला, तर तिने थांबायलाच हवं.