वाघानं न खाल्लेली बकरी

३ ऑगस्ट १९८८, बुधवार
औरंगाबादच्या मुलांच्या मासिकाचा होकार. कॉम्प्युटरवर खेळ कसा तयार करायचा, दर महिन्याला एक पाठ. ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठी. मला तरी कुठं येतं? सेलूच्या शाळेत मशीन आलं तेव्हा कोणी ताबा घेईना. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुमी भाषेचे. ही बी भाषाच हाय म्हणं." तेव्हापासून मराठीचे तास संपले की चपला बाहेर काढून त्या खोलीत बसतो.
खेळ कोणता? वाघबकरी. दुसरा येत नाही.

७ ऑगस्ट, रविवार
वालूर, आमचं गाव. संध्याकाळी महादेवाच्या ओट्यावर. दगडात कोरलेला पट, बकऱ्यांना चिंचोके, वाघाला काळा खडा. अप्पांचा वाघ, माझ्या बकऱ्या; वाघानं खायचं, बकऱ्यांनी त्याला कोंडायचं. बायको गेल्यापासून, सुमन गेल्यापासून, रोज. अप्पांचं कापडाचं दुकान आता लेक बघतो. त्यांना वेळ आहे. मला तर —
पहिला पाठ वाचून दाखवला. अप्पांना कळलं तर कोणालाही कळेल.
"पडद्यावर चौकटी, हे समजलं. वाघ कसा दिसंल?"
"इंग्रजी अक्षर दिसेल. मराठी येत नाही त्याला."
"इंग्रजी वाघ! आपल्या बकऱ्या पचतील का त्याला?"

१९ ऑगस्ट, शुक्रवार
वाघ हलवला. नव्या जागी आला, जुन्या जागीही राहिला. थोड्या वेळात पडदाभर वाघ. मशीन खडा उचलत नाही, नवा मांडतं. आधीचा आपण पुसायचा. दुसरा पाठ हाच. आधी पुसा, मग काढा. साधं वाक्य, पण लिहून होईना. खुंटीवर सुमनची पिशवी आहे अजून.
अप्पा म्हणाले, "मंग तर गावात माणसापरीस वाघच जास्ती झाले की ओ."

२८ ऑगस्ट, रविवार
तिसरा पाठ. वाघाची बुद्धी. जर शेजारी बकरी असेल आणि तिच्या पलीकडची जागा रिकामी असेल, तर उडी मार, बकरी खा. नियम बरोबर आहे. पण अप्पांचा वाघ आठवून पाहिला तर जुळेना.
आज ओट्यावर पहिल्यांदा माझ्या चाली सोडून त्यांच्या पाहिल्या. माझी बकरी उघडी होती. मागं जागा रिकामी. अप्पांनी आभाळाकडं बघितलं, खडा दुसरीकडंच सरकवला. पुढं पुन्हा तसंच.
विचारलं नाही.

३१ ऑगस्ट, बुधवार
विचारलं.
"अप्पा, ही का नाही खाल्ली?"
"कोनती?"
"ही. रविवारीही सोडलीत."
अप्पांनी चिंचोका उचलून धोतराला पुसला. "खाल्ली असती तर डाव संपला असता. दिवस असताना घरी जाऊन काय करायचं व्हतं तुमाला?" मग हसले. "तुमाला वाटायचं, वाघ कोंडायलाव. लय हुशार!"
राग आला. म्हणालो, आता खरं खेळा. खेळले. ओट्यावर ऊन होतं तोवरच माझ्या सगळ्या बकऱ्या गेल्या. पुढं दोघंही नुसते बसलो.

४ सप्टेंबर, रविवार
तेव्हापासून ओट्यावर गेलेलो नाही.

५ सप्टेंबर, सोमवार
आज जायचं ठरवलं होतं. पण शाळेच्या कामानं देवगाव फाट्याकडं गेलो आणि परतीला नामांतराचा मोर्चा. एस.टी. फाट्यावरच थांबली. वालूरला पोचलो तर अंधार, ओटा मोकळा.

६ सप्टेंबर, मंगळवार
अप्पा नाहीत. दुकानात लेक म्हणाला, "सकाळीच सोलापूरला ताईकडं गेले. डोळ्याचं आपरेशन हाय. काल लय वेळ बसले व्हते ओट्यावर, तुमची वाट बघत."
"परत कधी?"
"ताई म्हनती, आता माज्याकडंच ऱ्हावा."
गल्ल्यातून काळा खडा काढून म्हणाला, "चिंचोके न्हेलेत संगं. खडा ठिवलाय तुमच्यासाठी."

१३ सप्टेंबर, मंगळवार
मशीनवरचा वाघ तयार. दिसली बकरी की खातो. नववीची मुलं खेळली. "सर, ह्यो लयच खादाड हाय," म्हणून उठली. पुन्हा कोणी बसलं नाही.
नवख्यासाठी हा वाघ चालणार नाही. कधी सोडायचं, तेही सांगावं लागेल. नशिबावर सोडायचं, तर मशीन चिठ्ठी काढल्यासारखा आकडा काढतं. करून पाहिलं. भलत्याच वेळी सोडतो, भलत्याच वेळी खातो. अप्पा चिठ्ठी काढत नव्हते. आभाळ बघायचे. आणि समोर कोण बसलंय ते. हे कोणत्या ओळीत —

१८ सप्टेंबर, रविवार
पाठ उद्या टपालात पडायला हवा. एवढंच लिहून झालं: 'बकरी उघडी असली तरी वाघानं ती सोडावी, जर' — पुढं कोरं.
पिशवीत नवे चिंचोके घालून ओट्यावर गेलो. सुमनची पिशवी. वाघही मीच, बकऱ्याही मीच. एक बकरी उघडी पडली. कळसावर अजून ऊन होतं.
खडा हातात घेतला, तो हातातच राहिला.