सोमवारची स्वप्नं

॥ श्री शिव प्रसन्न ॥

माजलगाव, ता. १३ ऑगस्ट २०२४

चि. ईश्वरीस, गंगासागर आत्याचे अ. आ.

पत्रास कारण नुसतं एक स्वप्न. फोनवरचं माझं बोलणं घरभर ऐकू जातं आणि प्रणिता हसते. सुनेला हसू द्यायचं तरी किती?

काल दुपारी उपासाची आडवी झाले, तर आपला कालवा दिसला. पाणी नव्हतंच, केशरी पाक वाहत होता, अगदी सावकाश. काठावरचे गोटे खडीसाखरेचे. पलीकडून तू आलीस, पाचवीतली, लाल फ्रॉकमधली, ओंजळभर साखर घेऊन. घे ना आत्या, म्हणालीस. मी ओठ घट्ट मिटले, तसा तुझा चेहरा पुसट होत गेला. उठले तर उशी घामाने ओली आणि हात कापत होते. गेल्या सोमवारी बासुंदीचं तळं होतं, त्याआधीच्या सोमवारी गुळाचा डोंगर. वय झालं की बायकांच्या स्वप्नात देव येतात म्हणे, माझ्या स्वप्नात हलवाई येतो!

आता एक सांगते, रागावू नकोस. तुला अकराव्या वर्षी साखरेचा आजार निघाला, इन्सुलिन लागलं, तेव्हा मी कपिलधारच्या देवळात जाऊन गोड सोडलं. तू बरी होईपर्यंत साखर-गूळ तोंडात घालणार नाही म्हटलं. पंधरा वर्षं झाली. मधे मलाच साखर निघाली आणि डॉक्टर म्हणाले गोड बंद करा, तेव्हा मला हसूच आलं. स्वप्नात खाल्लं तर नवस मोडतो का गं?

मायेला उतार पडू देऊ नकोस.
तुझी आत्या

केज, ता. १६ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास, ईश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शाळेत वाचलं. मुलं गणितं सोडवत होती आणि त्यांच्या बाई फळ्याकडे तोंड करून रडत होत्या. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला पोट भरलंय म्हणून शिरा परत करायचीस. मला वाटायचं, आत्याला आईच्या हातचं आवडत नाही.

आता नीट वाच. तुझी सगळी स्वप्नं सोमवारची आहेत. सोमवारी तू उपास धरतेस, पण सकाळची साखरेची गोळी घेतेस, हो ना? पोट रिकामं, गोळी मात्र आपलं काम करते आणि रक्तातली साखर फार खाली जाते. तो घाम, ती थरथर मला पाठ आहे. इन्सुलिन जास्त झालं की मलाही असलीच स्वप्नं पडतात. अशा वेळी पोटात साखर गेली नाही तर माणूस उठतसुद्धा नाही, आत्या. प्रणितावहिनीला मशीनवर साखर बघायला सांग. सत्तरच्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घे. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नको.

हट्ट कमी कर, लोभ कर.
तुझी ईश्वरी

माजलगाव, ता. २० ऑगस्ट

चि. ईश्वरीस अ. आ.

तू म्हणालीस तसंच निघालं. उपास मी धरलाच होता. काल दुपारी प्रणिता ओरडली, काहून एवढा घाम आलाय म्हणून, आणि मशीन लावलं तर अठ्ठावन्न. तिने साखरपाणी आणलं. मी दात आवळून धरले. मग तिने कपभर दूध पाजलं, भाकरी कुस्करून भरवली. बऱ्याच वेळाने डोळ्यांपुढची धूसर माणसं ओळखू आली. ती पोर लई रडली, आणि मला माझीच लाज वाटली.

पण साखर मी घेणार नाही. इकडे मी गिळायची आणि तिकडे तुला काही झालं तर? माझी साठी उलटली. तुला अजून जग पाहायचंय.

रागव, पण पत्र पाठव.
आत्या

केज, ता. २५ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास शि. सा. न. वि. वि.

आज कपिलधारला जाऊन आले. धबधबा भरून कोसळतोय, देवळापर्यंत तुषार येतात. हात जोडून सांगितलं की नवस माझ्या नावाचा होता, मला न विचारता बोललेला, तो मी परत करते.

आत्या, माझा आजार जाणारा नाही. तो सोबतीला राहणार आणि मी त्याच्यासोबत बरी आहे. शाळेत शिकवते, डोंगर चढते, भांडते. बरी म्हणजे आणखी काय असतं? परत येताना पायऱ्यांवर माझीच साखर उतरली. तिथेच बसून पर्समधली पुडी खाल्ली. तू पंधरा वर्षं सोडलीस, त्याच साखरेने मला आज उठवलं.

तिथल्या खडीसाखरेचा प्रसाद कुटून डबीत भरलाय, जीपवाल्या बंकटच्या हाती पाठवते. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, हे तूच मला शिकवलंस. मला तू हवी आहेस, तुझा नवस नको.

तुझी आणि तुझीच,
ईश्वरी

माजलगाव, ता. ३ सप्टेंबर

चि. ईश्वरीस अ. आ.

डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि उपासावरून मला चांगलंच झापलं. उपास सुटला. पण काल पोळा. बैलांची पूजा लांबली, जेवायला उशीर झाला आणि हात कापायला लागले. डबी कनवटीलाच होती. उघडली, आणि किती वेळ नुसती बघत बसले. भीती वाटली गं, खोटं कशाला बोलू. मग तू पायरीवर एकटी बसलेली डोळ्यांपुढे आलीस आणि मी तोंड उघडलं.

पंधरा वर्षांनी जिभेला साखर लागली. लहान पोरीसारखी रडले. प्रणिताही रडली आणि मग तिने ताट वाढलं.

जेवून डोळा लागला, तर पुन्हा कालवा. आता त्यात नुसतं पाणी होतं, आभाळाच्या रंगाचं. पलीकडे तू, फ्रॉकमधली नाही, आत्ताची, चष्मा लावलेली. मला म्हणालीस, आत्या, डबी रिकामी झाली, भरून ठेव.

उठले आणि आधी डबी भरली.

माझ्या वाट्याचा शिरा या वाढदिवसाला दोन चमचे ठेव, डॉक्टरांना विचारून.
तुझी आत्या