कागदावरची शेवटची ओळ

प्रिय बाबा,

आज नागपूरहून परत आलो आणि सगळ्यात आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्ही पौषात गेलात, तरी हे तुम्हालाच सांगायला हवं. समोरासमोर आपण दोघं कधी फार बोललो नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आपल्या अन्वीपुढे लाल चेंडू हळूच सरकवला आणि तिच्या हातांकडे पाहत राहिल्या. मला एकदम बोरगावचं घर आठवलं. दिवाळीत तुम्ही नातीला गोधडीवर पालथं ठेवून बागेतलं संत्रं तिच्यापुढून घरंगळत नेत होतात. "इकडे पाह्य व माय, हे पाह्य." तीन-चारदा नेलंत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "पाहते, पण हात नाही लावून राहिली."

मी चिडलो. सात महिन्यांची पोर, जन्मल्यावर दुसऱ्याच आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन झालेलं. रडली तर ताण येईल म्हणून आम्ही तिला कधी खाली ठेवतच नव्हतो. "तुम्ही डॉक्टर आहात का?" मी विचारलं.

"डॉक्टर नाही. पाहून राहिलो फक्त. अन् ती काय काचेची बरणी आहे का? ठेव खाली."

मग तुम्ही विचारलंत, "दवाखान्याच्या कागदावर अजून काय लिहून आहे?"

मी म्हणालो, "काही नाही."

बाबा, लिहिलेलं होतं. शेवटची ओळ होती: सहाव्या महिन्यात मेंदूच्या वाढीची तपासणी करून घ्या. इंग्रजीत होती, तुम्हाला वाचता आली नसती. मी तहसील कचेरीत दिवसभर लोकांचे कागद वाचतो. ती ओळ मी दवाखान्यातून सोडलं त्याच दिवशी वाचली होती. ऑपरेशन नीट झाल्याचे पेढे वाटून झाले होते, मीना कुठे दोन घास नीट जेवायला लागली होती. पुन्हा दवाखाना नको, एवढंच मनात होतं. हृदय बरं झालं म्हणजे पोर बरी झाली, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

तुम्ही ओळखलं होतंत का? मग एकदा रागवायचं तरी. तुम्ही फक्त म्हणालात, "कलम जगलं म्हणजे झालं का? पुढं पाणी द्या लागते," आणि बागेकडे निघून गेलात. त्यानंतर मी तिला घेऊन बोरगावला आलोच नाही. आलो तो तुमच्या मातीला.

आज बाईंनी समजावून सांगितलं. हृदयातला दोष बाळ पोटात असतानाच असतो. मेंदूला मिळणारा प्राणवायू तिथेच कमी पडू शकतो, म्हणून मेंदूची वाढ जन्माआधीच थोडी मागे राहू शकते. ऑपरेशन हृदयाचं होतं. मेंदूला नंतर शिकवावं लागतं, आणि या वयात तो लवकर शिकतो.

"उशीर झाला का?" मी विचारलं.

"आधी यायला हवं होतं. आता आलात ना, आजपासून तिला जमिनीवर खेळू द्या."

"सगळं भरून निघेल?"

"ते आज सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मी मीनाला त्या ओळीबद्दल सांगितलं. नरखेड स्टेशन आलं तसं तिने अन्वीला माझ्या मांडीवर दिलं. मग म्हणाली, "उद्यापासून सकाळची पाळी तुमची. अन् बाबांची गोधडी कुठं ठेवली?"

संध्याकाळी आमच्या पांढुर्ण्याच्या घरात, तुमच्या मातीनंतर बोरगावहून आणलेली तीच गोधडी अंथरली. वैशाखात घरात संत्रं कुठलं? लिंबू घेतलं. अन्वीचा हात निघाला, अर्ध्यात थांबला. मी लिंबू पुन्हा नेलं. पुन्हा अर्ध्यातच थांबला. दिवाळीत तो निघतही नव्हता, बाबा.

रोज कचेरीत जाण्याआधी मी तिच्यासोबत खाली बसेन. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री उतरतील तेव्हा तिला तुमच्या बागेत, तुमच्या झाडाखाली ठेवीन. तिचा हात पोचला तर पोचला. नाही पोचला तर मीही तिथेच बसून राहीन. आणि तिच्या कागदावर काय लिहून आहे असं कोणी विचारलं, तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवीन.

तुमचा,
प्रमोद