दवाचं वजन

मार्गशीर्ष, गुरुवार. सानगडी.

सोमवारी उजाडताच एकोडीला जाऊन खळ्यांवरच्या धानाच्या तणसाच्या पेंढ्या तोलल्या. देशभरात जाळून वीज करायला किती तणस, काडीकचरा मिळेल याचा अंदाज काढणं चालू आहे, आणि एकोडीची मोजणी माझ्याकडे. लोक कामाला निघायच्या आत गाठायचे, एवढंच डोक्यात होतं. सदऱ्याच्या बाह्या दवानं ओल्या झाल्या, तरी काही सुचलं नाही.

वजन भरपूर भरलं. साहेबांनी शाबासकी दिली. मी सुखावलो. कशाला सुखावलो?

काल दुपारी वजनांच्या तक्त्यावर शेतकऱ्यांच्या सह्या घ्यायला गेलो, तर सुकाबाई आपल्या खळ्यावर हसत उभी. "काहून जी भाऊ, दहिवरात तोलली न पेंढी? तुमचं सरकार पाणी जाळते काय?"

तीच पेंढी पुन्हा काट्याला लावली. वजन बरंच कमी. तिचं हसू गेलं. "कागदावर जास्त लिहाल, तं तेवढं न्यायले येतील. मंग माह्या बैलायनं काय खावं?"

संध्याकाळी देवापुढे बसलो, पण त्या ओल्या बाह्याच आठवत राहिल्या. माझ्यासारखे आणखी किती जण पहाटे तोलत असतील?

आज साहेबांना फोन करून चूक सांगितली. ते म्हणाले, "बरं झालं, अजून वर पाठवलं नव्हतं. वाळवून पुन्हा तोला." केवढं हलकं वाटलं! देवाची कृपा.

लगेच जुन्या तक्त्यावर आडवी रेघ मारली, 'पेंढ्या ओल्या होत्या, चूक माझी' असं लिहिलं आणि खाली सही केली.