आधी माझी जीभ

रविवार, १ मार्च १९९८
आज रानभाज्यांच्या फेरीला अकरा जण! बहुतेक पुण्या-मुंबईकडून नोकरीसाठी इथं आलेली कॉम्प्युटरवाली मंडळी, पायांत पांढरेशुभ्र बूट. शहराबाहेर, उप्पलच्या पुढं तळ्याकाठी नेलं. घोळ दाखवली, पाथरी दाखवली, केसांना लावायचा माका दाखवला. नियम जुनाच — आधी माझी जीभ, मग तुमची. मी चाखून हो म्हटल्याशिवाय कुणी काही तोंडात घालायचं नाही.

आणि ती जीभच मेली आहे! जानेवारीतल्या तापात चव गेली ती आलीच नाही. वासही नाही. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. कुणाला सांगणार? जामबागच्या शाळेतून रिटायर झाले, हे गेले, आता आठवड्याला हा एक रविवार उरलाय. तोही सोडू? पानं डोळ्यांनी ओळखता येतात की. निभेल.

मंगळवार, १० मार्च
नारायणगुड्याच्या बाजारातून चिंतचिगुर आणला. चिंचेचा तो कोवळा पाला मूठभर चावला. काही नाही! कागद चघळल्यासारखं. रडले.

रविवार, १५ मार्च
तळ्याच्या ओलीवर शेंदाडं सापडली. लिंबाएवढी रानकाकडीच ती. एक वेल गोड निघते, शेजारची कडूजहर. दिसायला दोन्ही सारख्या, फरक जिभेलाच कळतो. पहिल्या वेलीच्या वेळी नशिबानं तारलं. मी चाखल्याचं नाटक केलं, सगळे म्हणाले, गोड!

वंदना मागं राहिली होती, तिला उरलं नाही. पुण्याची पोर, नवरा कौस्तुभ इथं कंपनीत. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, म्हणून फारशी कुणात मिसळत नाही. "काकू, मला?" शेजारच्या वेलीचं एक तोडलं, टोक चावलं, म्हटलं, "गोड आहे. खा." तिनं खाल्लं.

मंगळवार, १७ मार्च
कौस्तुभचा फोन. वंदनाला रविवार संध्याकाळपासून उलट्या. ती शेजारची वेल! आणि तो हसतोय! "आईला वेगळीच शंका येतेय, काकू. तारीखही टळलीय म्हणे." मी "अरे वा!" म्हटलं. मी!

बुधवार, १८ मार्च
रिक्षा करून तळ्यावर गेले. राखणदार आडवा आला. "अम्मा, इधर आने नक्को, प्लॉटां बिक गए." त्यालाच त्या दुसऱ्या वेलीचं शेंदाड दिलं. चावलं आणि थू करून टाकलं त्यानं. "कडवा जहर है ये!"

तिथंच प्लॉटच्या पांढऱ्या दगडावर बसून राहिले.

रविवार, २२ मार्च
फेरी रद्द. गुडघ्याचं कारण सांगितलं. दुपारी वंदनाच घरी आली. पार सुकलीय, पण चेहरा काय उजळलाय! सासूबाई पुण्याहून निघताहेत, त्या आल्यावरच डॉक्टरकडे जायचं. "काकू, या दिवसांत कुठल्या भाज्या चालतात, लिहून द्या ना." दिल्या लिहून. चांगल्या अक्षरात!

सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि "सरबत घेतेस?" विचारलं. फेरी जाईल, लोक नावं ठेवतील — एवढीच भीती, दुसरं काही नाही. लाज वाटते माझीच. उद्या सांगते.

मंगळवार, २४ मार्च
नाही सांगितलं.

शनिवार, २८ मार्च, पाडवा
वंदना आली. उंबऱ्यातच म्हणाली, "पाळी आली, काकू." कडुनिंबाची वाटी तशीच राहिली. मग सगळं सांगून टाकलं — ताप, जीभ, ती वेल. वाटलं, ओरडेल. नाही ओरडली.

म्हणाली, "कडू लागलं होतं मला. पण तुम्ही गोड म्हणालात ना. मला वाटलं, माझंच तोंड कडू झालंय, दिवस गेल्यावर होतं तसं. म्हणून तर घरी गेल्या गेल्या सासूबाईंना फोन केला."