मोबाइल नंबरचा रिकामा रकाना

गुरुवार, संध्याकाळ. आष्टा

शिंदेकाकूंचा फोन येऊन गेला. त्यांच्या मुलीच्या लग्नाची वेबपत्रिका मी सकाळी सगळ्यांना पाठवली, आणि तिच्यात मुलीच्या वडिलांच्या नावाआधी कै. लागलंय. माणूस फौजेत आहे, सीमेवर. जिवंत!

चूक माझीच. मी लोकांना वेबपत्रिका करून देतो; साचा एकच असतो, नावं यादीतून आपोआप भरतात. कै. की श्री., हे दर वेळी कोण बघत बसणार? म्हणून साच्यातच कोडची एक ओळ घातली होती. वडिलांच्या मोबाइलचा रकाना रिकामा असेल तर कै. लाव. आजवर रकाना रिकामा म्हणजे माणूस वारलेला, असंच निघत आलं. काकूंनी फक्त स्वतःचा नंबर दिला होता. एवढं साधं मला का सुचू नये?

मी शिव्या खायला तयार होतो. पण काकू हळू आवाजात म्हणाल्या, "सलीम, परवापासनं यांचा फोन लागंना. खरं सांग रं, तुला कुठनं काय कळलंय का?"

"न्हाई ओ काकू, मशीनची चूक हाय." मशीनची म्हणे! घाबरलो की मी असंच खोटं बोलतो.

त्यांच्याकडून नंबर घेऊन त्या रिकाम्या रकान्यात भरला. लगेच कै. गेलं, श्री. आलं. साच्याच्या लेखी माणूस जिवंत झाला.

मग तोच नंबर मी लावला. आतापर्यंत अकरा वेळा लावलाय. लागत नाही.